1 बाय 1 ची मॅट लादी : शाम्पूच्या परीक्षेत पास

आधी निकाल सांगते. बाथरूमच्या जमिनीसाठी 1 बाय 1 फुटाची, मॅट फिनिशची, राखाडी विट्रिफाइड (घट्ट भाजलेली, पाणी जेमतेम पिणारी) लादी घेतली. गुजरातमधल्या मोरबीचा माल, 58 रुपये चौरस फूट, जीएसटी वेगळा. पैसे वसूल.

बिल्डरने बसवलेली पांढरी चकचकीत लादी दिसायला झकास होती, पण साबणाचं पाणी सांडलं की सासूबाई भिंत धरून बाहेर यायच्या. त्यांचं वय 79. तेव्हा दुकानात शिरताना डोक्यात एकच गोष्ट होती, पाय घसरता कामा नये.

सेल्समनने सगळ्यात आधी 2 बाय 4 ची संगमरवरी नक्षीची लादी काढली. ‘सांधे कमी मॅडम, पुसायला सोपी.’ हॉलमध्ये असेल. बाथरूममध्ये चहूबाजूंनी नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, उतार काढावा लागतो. एवढी मोठी लादी त्या उतारावर बसवायची तर मिस्त्रीला तिरकी कापावी लागते, नाहीतर कोपऱ्यात पाणी साचलंच म्हणून समजा. फूटभराच्या लाद्या उताराबरोबर आपसूक वळतात, शिवाय सांधे जास्त असल्याने पायाला आधार मिळतो. मग भिंतीची लादीच जमिनीलाही लावायचा जुळणारा सेट दाखवला. भिंतीची सिरॅमिक लादी वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त पाणी पिते, विट्रिफाइड जेमतेम अर्धा टक्का. भिंतीची भिंतीलाच बरी.

‘अँटिस्किड’ हा शब्द तर प्रत्येक खोक्यावर. सोबत आर10, आर11 असे पकडीच्या प्रतवारीचे आकडे. ती चाचणी उतरत्या फळीवर तेल ओतून, पायात बूट घालून करतात. अनवाणी पाय आणि साबणाच्या पाण्यासाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी असते, पण ती विचारल्यावर काउंटरवरचे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग मी नमुन्याच्या लाद्या जमिनीवर मांडायला लावल्या, मगभर पाणी मागवलं आणि पर्समधून शाम्पूची पुडी काढली. चपला काढून एकेकीवर टाच फिरवली. ‘अँटिस्किड’ छापलेली एक तर लोण्यासारखी सटकली! शेजारी नळ बघायला आलेलं एक जोडपंही चपला काढून रांगेत उभं राहिलं.

सगळ्यात घट्ट पकड होती पंच फिनिशची, म्हणजे वर खाचा-खळगे पाडलेल्या लादीची. पण तिच्या खाचांत माझं नख अर्धं आत गेलं. आमच्याकडे बोअरचं पाणी. त्या खाचांत क्षार आणि साबण एकदा बसला की घासून घासून हात दुखायचे. मॅटवर बोटं फिरवली तर नुसतं किंचित खरखरीत लागतं, खळगा कुठेच नाही. तीच घेतली.

दुकानाबद्दल तक्रार आहे आणि ती लहान नाही. टेम्पोतून आलेल्या खोक्यांवर दोन वेगवेगळे बॅच नंबर होते. आमच्या मिस्त्रींनी दोन्हीतली एकेक लादी उन्हात शेजारी ठेवली, तर एक स्पष्ट पिवळसर. दुकानदाराचं उत्तर, ‘बसवल्यावर कळत नाही हो ताई.’ वाद घातल्यावर बदलून दिली, पण टेम्पोचं भाडं आमच्याच माथी. माल उतरवून घेतानाच नंबर वाचा.

बसवताना लादी चिकटवायचं तयार मिश्रण (टाइल अ‍ॅडहेसिव्ह) वापरलं आणि सांध्यांत इपॉक्सी ग्राउट, म्हणजे राळेचा भराव. महाग पडतं, पण पाणी पीत नाही आणि सहजासहजी काळंही पडत नाही. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी लाकडी दांड्याने एकेक लादी ठोकून पाहिली, दारापाशी एक पोकळ वाजली ती उखडून पुन्हा लावली.

राखाडीवर पाण्याचे पांढरट डाग दिसतात, तेव्हा न्हाऊन झालं की वायपर फिरवावा लागतो. सासूबाईंचा शेरा, ‘चमक नाही गं हिला.’ पण आता भिंत धरत नाहीत. उरलेल्या चार-पाच लाद्या माळ्यावर टाकून ठेवल्यात, कारण पुढे पाइप फुटून जमीन उकरावी लागली तर हाच रंग दुकानात मिळेल याचा भरवसा नाही.