९७६ आर्ट गॅलरी, उलानबातर: चित्र घेण्याआधी

गॅलरीच्या नावातला ९७६ हा मंगोलियाचा दूरध्वनी संकेतांक. गॅलरीच्या संस्थापक गांतुया बदामगराव यांनीच २०१५मध्ये व्हेनिस बिएनाले या इटलीतल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात मंगोलियाचं पहिलं दालन उभं केलं. एवढी लांब उडी घेणारी खासगी गॅलरी विरळाच.

त्या दालनात ज्यांचं काम मांडलं होतं, ते चित्रकार एन्खबोल्ड तोग्मिदशीरेव कॅनव्हासवर चक्क घोड्याची लीद वापरतात. असं काम बाहेरदेशी नेताना कस्टम्सपेक्षा क्वारंटाइनवाले (प्राणिजन्य वस्तूंतून रोग येऊ नये म्हणून तपासणारे) जास्त अडवतात. साहित्याची यादी आणि निर्जंतुकीकरणाचा दाखला सौद्याआधीच मागा.

'मंगोल झुराग' या मंगोलियाच्या पारंपरिक वळणाच्या शैलीतली कापडावरची चित्रं आणायला तुलनेनं सोपी. मात्र घडी नको, रंगाचे पापुद्रे सुटतात. रंगीत बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळून मागवा. कोकणातल्या दमट हवेत काच चित्राला टेकू देऊ नका, बुरशी धरते.