दम्याच्या 'वनस्पतिजन्य' कॅप्सूलमध्ये निघालं स्टिरॉइड

माझ्या वडिलांना जुना दमा आहे. त्यांना 'शंभर टक्के वनस्पतिजन्य, साइड इफेक्ट नाही' असं सांगून ज्या कॅप्सूल विकल्या गेल्या, त्या तपासायला दिल्यावर त्यात डेक्सामेथासोन सापडलं. हे जोरकस स्टिरॉइड आहे. डबीवर त्याचा उल्लेखही नव्हता.

विकणाऱ्याकडे शोधनिबंधांच्या प्रतींची जाडजूड फाईल होती आणि ते निबंध खरे होते. कर्क्युमिन, क्वेर्सेटिन ही संयुगं श्वासनलिकेतला दाह कमी करतात, असं पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. पण तोंडाने घेतलेलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम पोचतं, ही गोष्ट त्याने शिताफीने गाळली. प्रयोगशाळेतल्या बशीत पेशींना ते थेट मिळतं, माणसाच्या फुफ्फुसाला तसं मिळत नाही.

वर वडिलांना म्हणाला, "काका, त्या पंपाची सवय लागते. हळूहळू सोडून द्या." याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. पंपातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट श्वासनलिकेत जातं. ते सोडायला लावून हा माणूस त्याच जातीचं औषध अख्ख्या शरीरात ओतत होता!

गुण मात्र झटपट आला. रात्रीची धाप थांबली, जिना चढता येऊ लागला. पुढे भूक बेसुमार वाढली, चेहरा गोल झाला, साखर चढली. हात कुठे जरासा घासला तरी काळानिळा डाग उठायचा. छातीच्या डॉक्टरांनी चेहरा बघताच विचारलं, "बाहेरचं काही घेताय का?" विकणाऱ्याला जाब विचारला तर म्हणे आमच्या नावाने कोणीतरी नकली माल विकतंय. त्यानंतर त्याचा फोन लागलाच नाही.

वनस्पतींना मी दोष देत नाही. अडुळशातल्या व्हॅसिसीनवरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. धोतऱ्याच्या कुळातल्या अॅट्रोपिनमध्ये बदल करून इप्राट्रोपियम आलं, ते आजही पंपातून देतात. रॉजर अल्टुन्यान या डॉक्टरांना स्वतःला दमा होता. खेलिन या वनस्पतिजन्य द्रव्याशी नातं असलेली संयुगं ते स्वतःवर तपासत राहिले आणि 1965 मध्ये क्रोमोग्लायकेट हे दमा रोखणारं औषध हाती लागलं. या प्रत्येक औषधात नेमका रेणू कोणता, तो किती मिलिग्रॅम किंवा मायक्रोग्रॅम, हे लिहिलेलं असतं. आमच्या डबीवर नुसती झाडांची नावं होती. ज्येष्ठमधाचंही होतं. त्यातलं ग्लायसिरायझिन जास्त प्रमाणात गेलं तर पोटॅशियम घसरतं आणि रक्तदाब वाढतो, म्हणजे 'साइड इफेक्ट नाही' हा दावा लेबलवरच्या वनस्पतींनाही लागू नव्हता.

घरात कोणाला अशा कॅप्सूलने किंवा पुडीने आश्चर्य वाटावं इतका आराम पडला असेल, तर घाबरून ती एकदम बंद करू नका. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणं कमी करतं. मग अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो, दमाही उसळू शकतो. डबी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि काय घेतलं, कधीपासून घेतलं ते सगळं सांगा. वडिलांचा पंप लगेच पुन्हा सुरू केला. गोळीतलं स्टिरॉइड मात्र डॉक्टरांनी मोजून, टप्प्याटप्प्याने उतरवत आणलं.