एसीएलसाठी विरघळणारा स्क्रू : घेण्याआधी पाकीट नीट वाचा

गुडघ्यातली नवी एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा अस्थिबंध) नडगीच्या हाडातल्या बोगद्यात पकडून ठेवणारा विरघळणारा इंटरफेरन्स स्क्रू आता लातूर-नांदेडकडेही सहज मिळतो. वस्तू चांगली आहे, पण ‘बायोअॅब्झॉर्बेबल’ एवढ्यावर विसंबू नका. पॉलिमर कोणतं, ते पाकिटावर शोधा.

शुद्ध पीएलएलए (लॅक्टिक आम्लाचं पॉलिमर) चिवट. चार-पाच वर्षांनीही त्याचे अवशेष बोगद्यात सापडतात. पीजीए (ग्लायकोलिक आम्लाचं पॉलिमर) उलट, काही आठवड्यांतच ताकद गमावतो. हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट (मांडीमागच्या स्नायूच्या कंडरेची केलेली नवी एसीएल) हाडात रुजायला ८ ते १२ आठवडे लागतात, त्यामुळे नुसता पीजीए इथे नकोच. आमची पसंती बीटा-टीसीपी (एक कॅल्शियम फॉस्फेट) मिसळलेल्या पीएलजीएला (लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांचं मिश्र पॉलिमर).

त्याचं कारण स्क्रू झिजतो कसा, यात आहे. शरीरातलं पाणी आत झिरपून पॉलिमरच्या साखळ्यांतले एस्टर बंध तोडतं. आधी या साखळ्या आखूड होतात, मग ताकद जाते, वजन सगळ्यात शेवटी घटतं. म्हणून एमआरआयवर स्क्रू अखंड दिसला तरी त्यात जोर उरलाच असेल असं नाही. पृष्ठभागावर तयार झालेलं लॅक्टिक आम्ल बाहेर निघून जातं. गाभ्यातलं अडकतं आणि बंध आणखी वेगाने तोडतं. त्यामुळे जाड स्क्रू आतून आधी पोखरतो. साठलेलं आम्ल नि कण एकदम बाहेर पडले की संसर्ग नसतानाही सूज किंवा गाठ येऊ शकते. तरीही कल्चर (जंतू आहेत का याची तपासणी) केल्याशिवाय ‘स्क्रूचीच सूज’ म्हणून सोडून देऊ नये. बीटा-टीसीपी हे आम्ल बऱ्याच अंशी शमवतं.

मराठवाड्यात खरी अडचण उन्हाळ्याची. पीएलजीए साधारण ४५ ते ५५ अंशांना मऊ पडतो आणि मे महिन्यात परभणीत उन्हात उभ्या बंद गाडीत तेवढं तापमान सहज होतं. डीलरकडून माल सकाळीच मागवा, २५ अंशांखाली ठेवा. फॉइल फुगलेलं किंवा टोचलेलं असेल तर परत करा. दमट हवेत झीज पाकिटातच सुरू होते. उघडलेला स्क्रू पुन्हा ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालणं तर साफ चूक: १२१ अंशांची वाफ त्याची वाट लावते.

बसवताना स्क्रूड्रायव्हर स्क्रूच्या शेवटपर्यंत आत गेलाच पाहिजे, नाहीतर सगळा पीळ डोक्याशी येऊन स्क्रू तुटतो. तरुण खेळाडूंचं हाड कडक असतं, तिथे आधी टॅप (हाडात आटे पाडणारं हत्यार) फिरवा.

धातूच्या स्क्रूपेक्षा एमआरआय स्वच्छ येतो, हा मोठा फायदा. साध्या एक्स-रेत मात्र पॉलिमर दिसत नाही. दुकानदाराकडे फक्त शुद्ध पीएलएलए असेल, तर त्यापेक्षा टायटॅनियम घ्या.