शिरवळच्या पुढं फुकट हवा चेक केली आणि सहाशे रुपये गेले

गेल्या महिन्यात बायकोला मागं बसवून पुण्याहून साताऱ्याला निघालो, गाडी आपली पल्सर १५०. निघायच्या आधी घराजवळच्या पंपावर थंड टायरला पुढं २५ मागं ३२ पॉइंट (पीएसआय) हवा भरून घेतलेली, कारण डबल सीट असलं की मागं ३२ लागते, एकट्याला २८ पुरते.

शिरवळच्या पुढं चहाला थांबलो तर शेजारच्या पंक्चरवाल्याचा पोरगा आला, "दादा मागची हवा लई कमीय, फुकट चेक करून देतो". काटा लावला तर १४! तिथंच डोकं चालायला हवं होतं. साठेक किलोमीटर पळालेला टायर गरम असतो, त्यात हवा दोन-चार पॉइंट जास्तच दाखवणार, आणि खरंच १४ असती तर डबल सीटला गाडी मागून डुलली असती की. पण घाट पुढं, बायको सोबत, म्हटलं बघ बाबा.

त्यानं खिळा शोधायच्या नावाखाली टायरवरून हात फिरवला, मग साबणाचं पाणी मारलं आणि पाच ठिकाणी बुडबुडे. पाच! ट्यूबलेस टायरच्या भोकात भरतात त्या एका रबरी स्ट्रिपचे १२० म्हणजे सहाशे झाले, गुमान दिले. वर म्हणतो कसा, घाट आहे म्हणून टाइट भरलीय. त्यानंतर गाडी प्रत्येक खड्ड्याला चेंडूसारखी उडत होती, आणि खंबाटकी चढून पलीकडं उतरताना एकदा मागचा ब्रेक दाबला तर चाक सरकलंच थोडं. हवा जास्त झाली की टायर फुगून फक्त मधल्या पट्टीवर टेकतो, मग पकड कुठनं राहणार.

साताऱ्यात ओळखीच्या मेकॅनिककाकांना दाखवली, त्यांच्या गेजवर ४६. त्यांनी स्ट्रिपा बघितल्या आणि हसले. पाचही भोकं वीतभर जागेत, एकाच जाडीची, सरळ आत गेलेली, खिळा असा शिस्तीत घुसतो होय? दाभण तळहातात लपवतात, हात फिरवताना टोचतात म्हणाले.

तर रस्त्यात कुणी स्वतःहून हवा बघतो म्हटलं तर टायरला हात लावू देऊ नका. पेट्रोल पंपावर हवा फुकट द्यावीच लागते, तिथं भरा. आणि पंक्चर काढायची वेळ आलीच तर आधी खिळा दाखव म्हणा, आणि चहा प्यायला जाऊ नका, मी तेव्हा वडापाव खात उभा होतो.

आता स्वतःचा गेज डिकीत असतो. त्या टायरची हवा मात्र आठवड्याला चार-पाच पॉइंट उतरतेच, पुढच्या पगाराला बदलायचाय.