ट्रक पुलिंगसाठी घडवलेला हिच: सात महिने आणि ३४ ओढी झाल्यावरचा अनुभव

ट्रक पुलिंग म्हणजे वजनदार स्लेज (घसरत ओढला जाणारा गाडा) साखळीने गाडीला जोडून मातीच्या ट्रॅकवर ओढायची स्पर्धा, आणि हिच म्हणजे गाडीच्या मागे तो अडकवायचा जोड. माझा पहिला हिच तिसऱ्याच ओढीत कामातून गेला. हूक अडकवायची १६ मिमीची प्लेट मात्र जशीच्या तशी सरळ होती. वाकलं होतं चेसिसचं शेपूट, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या पाठीमागे लोंबकळणारा भाग, आणि त्यावरची बोल्टची भोकं लांबुळकी झाली होती. तेव्हा डोक्यात बसलं की हिच किती जाड आहे हा प्रश्न नंतरचा. ओढ चेसिसमध्ये नेमकी कुठून शिरते आणि कुठवर पोचते, ते आधी बघायचं. दुसरा हिच याच हिशेबाने बांधला. त्याला आता सात महिने झाले, ३४ ओढी झाल्या. दोनदा दुरुस्त करावा लागला, तेही सगळं खाली सांगतो.

स्लेज जवळून न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. ट्रक पुढे सरकतो तसा स्लेजवरचा वजनाचा डबा रुळांवरून पुढे, ट्रकच्या दिशेने येतो आणि स्लेजचा पुढचा तवा जमिनीत दाबला जातो. त्यामुळे ओढ दर फुटाला वाढत जाते आणि ३०० फुटांच्या शेवटी ट्रक जवळजवळ जागेवर खिळतो. म्हणजे हिचवर सगळ्यात जास्त जोर येतो तो चाकं फिरतायत, मातीत रुततायत आणि गाडी हादरतेय अशा वेळी. रस्त्यावर ट्रेलर ओढणाऱ्या हिचला असा मार कधी बसत नाही. त्यामुळे ट्रेलरचा तयार हिच त्यावर लिहिलेला आकडा बघून इथे वापरू नका.

उंचीचं गणित एकदा कागदावर मांडून बघा. स्पर्धेतल्या आमच्या वर्गात हूकची उंची जास्तीत जास्त २६ इंच, म्हणजे ६६ सेंमी. समजा ओढ ३ टन आहे आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर ३.६ मीटर. मग ३००० गुणिले ०.६६ भागिले ३.६, म्हणजे साधारण ५५० किलो वजन पुढच्या चाकांवरून उठून मागच्या चाकांवर येतं. मागच्या चाकांची जास्तीची पकड येते ती यातूनच. पाटे (मागच्या स्प्रिंगा) दबून हिच १० सेंमी खाली बसला तर त्यातले ८० किलोच्या वर हातचे जातात. म्हणून हिच मजबूत करायचा तर पाट्यांवरचे ठोकळे (पाटे दबू न देणारे अडसर) त्याच कामात धरले पाहिजेत. मी सुरुवातीला ते वेगळं काम म्हणून मागे ठेवलं आणि चार स्पर्धा त्यात वाया घालवल्या.

आता बांधणीकडे येतो. दोन इंची चौकोनी नळी आणि आडवी पिन ही नेहमीची पद्धत मी मुळातच सोडली. त्या पिनीला थोडा खेळ लागतोच, आणि चाकं उड्या मारायला लागली की तोच खेळ घणासारखा ठोकत राहतो. हूकची प्लेट २५ मिमीची घेतली आणि ती थेट मागच्या आडव्या बीममध्ये बसवली. तिथून दोन पाइप, ५० मिमी व्यासाचे आणि ६ मिमी जाडीचे, इंग्रजी व्हीच्या आकारात पुढे डाव्या-उजव्या चेसिसकडे नेले. शिवाय चेसिसच्या आतल्या अंगाला ८ मिमीची लांब पट्टी, ॲक्सलच्या कमानीवरून वळवून ॲक्सलच्या पुढे फूटभर नेलेली. या पट्टीनेच सगळा फरक पडला. शेपटावर एकवटणारा जोर आता पाच-सहा फूट लांबीवर वाटला जातो.

पट्टी चेसिसला वेल्ड केली नाही, बोल्टने बांधली. आजकालच्या पिकअपच्या चेसिसचं पोलाद जास्त ताकदीचं असतं. त्यावर उष्णता गेली की वेल्डच्या शेजारचा पट्टा मऊ किंवा ठिसूळ होतो, आणि चेसिसच्या वरच्या-खालच्या अंगावर आडवं वेल्डिंग म्हणजे तड्याला आमंत्रण. बोल्ट एम १६, १०.९ ग्रेडचे, टॉर्क रेंचने ३०० न्यूटन मीटरच्या आसपास कसलेले. चेसिस पेटीसारखी बंद असेल तर प्रत्येक बोल्टाच्या जागी आत नळीचा तुकडा घालाच. नाहीतर बोल्ट कसताना पेटीच्या भिंती आत दबतात, रेंच ‘क्लिक’ म्हणते आणि तुम्हाला वाटतं काम झालं. पहिल्या हिचची भोकं लांबली ती यामुळेच. बोल्टचं खरं काम दोन प्लेटा इतक्या घट्ट दाबून धरायचं की त्या घर्षणानेच हलू नयेत. बोल्ट एकदा भोकाच्या कडेला टेकून ओढ घ्यायला लागला की भोक मोठं होणं फक्त वेळेचा प्रश्न असतो.

आता दोष. नवव्या ओढीनंतर गाडी धुताना बीमजवळच्या रंगावर केसाएवढी रेघ दिसली. रंगच उडाला असेल म्हणून बोटाने पुसली, गेली नाही. आमचे वेल्डर काका म्हणाले, “रंग फाटतो तेव्हा खालचं लोखंड आधी फाटलेलं असतं. डाय (तडा दाखवणारा रंग) मारून बघ.” जागा तारेच्या ब्रशने आणि क्लीनरने स्वच्छ केली, लाल डाय लावला, पंधरा मिनिटं थांबलो, वरचा डाय फडक्याने पुसला आणि पांढरा डेव्हलपर फवारला. मिनिटभर काहीच नाही. मग त्या पांढऱ्यातून एक लाल रेघ हळूहळू वर आली, गसेटच्या (जोडाला आधार देणाऱ्या पट्टीच्या) टोकापासून सुरू होऊन वेल्डच्या कडेकडेने गेलेली. मोजली तर १४ मिमी. ती पाहून पोटात गोळा आला, कारण त्याच आठवड्यात पुढची स्पर्धा होती आणि डाय न मारता मी तसाच उतरलो असतो.

कारण शोधायला वेळ लागला नाही. गसेट मी सरळ चौकोनी कापला होता आणि त्याचं टोक बीमच्या मधोमध संपत होतं. गसेटने ताठ झालेला भाग तिथे एकदम संपतो, पुढचा भाग लवचिक, आणि दर हादऱ्याला वाकण्याचं सगळं काम त्या एका रेघेवर येतं. जाड गसेट लावून मी बीम मजबूत केला असं समजत होतो. खरं तर तडा जायची जागा मीच ठरवून दिली होती. दुरुस्तीत तड्याच्या टोकाला ५ मिमीचं भोक पाडलं, तडा ग्राइंडरने पूर्ण खोदून काढला, डाय मारून खात्री केली, जागा गरम करून ७०१८ रॉडने भरली. हा रॉड कोरडाच हवा. ओलसर रॉडमधला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरला तर तडा काही तासांनी, गार झाल्यावर जातो. नवा गसेट निमुळता कापला आणि त्याचं टोक बीमच्या कोपऱ्यापर्यंत नेलं. त्यानंतरच्या २५ ओढींत त्या जागी डाय स्वच्छ आला आहे. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या वायरी काढायच्या आणि अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावायचा, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी घाईत राहून जातं.

दुसरी दुरुस्ती चाकांच्या उड्यांमुळे. एका कोरड्या, ढेकळांच्या ट्रॅकवर गाडी शेवटच्या ५० फुटांत टणाटण उडाली. परत येऊन पाहिलं तर सहा बोल्टवरच्या रंगाच्या खुणा सरकलेल्या. प्रत्येक नटवरून प्लेटवर रंगाची एक रेघ मारून ठेवायची सवय मी सगळ्यांना सांगेन. रेंच न लावता नुसत्या नजरेने कळतं. तेव्हापासून पाट्यांना ठोकळे आणि ॲक्सलला ट्रॅक्शन बार (ॲक्सल पिळू न देणारे दांडे) लावले, आणि रेघा परत हललेल्या नाहीत. सुरुवातीला साखळीचा ढिलेपणा हळूच काढून मगच ॲक्सिलरेटर दाबायचा, हेही तितकंच महत्त्वाचं. ढिल्या साखळीवर झटका दिला तर हिचला पहिलाच फटका सगळ्यात मोठा बसतो.

तपासणीत एकदा २६ इंचांच्या वर पाव इंच भरलं. टाकी निम्मी रिकामी होती, स्टेपनी घरी ठेवली होती, मागची बाजू उचलली गेली होती. हूकच्या प्लेटला वर-खाली एकेक इंचावर भोकं ठेवल्यामुळे एक भोक खाली घेऊन उतरलो, पण पाऊण इंच उंची फुकट गेली. अर्ध्या इंचावर भोकं ठेवायला हवी होती. टायरची हवा कमी केली की मापही बदलतं, म्हणून मी आता स्पर्धेच्या हवेवर, स्पर्धेच्या वजनासकट मोजतो. असे नियम कोणाला जाच वाटत असतील तर आठवण करून देतो: अमेरिकेत १९६९ साली नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन स्थापन झाली ती ठिकठिकाणचे वेगवेगळे नियम एकसारखे करण्यासाठीच. हूक दोन इंच वर मिळाला तर तो गाडीच्या बाजूने किती वजन हलवतो ते वरच्या गणितात घालून बघा.

इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची कडी (स्लेजची केबल जिथे अडकते ती) हिचच्या शेजारी, पण साखळीच्या वाटेतून बाजूला ठेवा. साखळी सुटली तर ती केबल ओढली गेलीच पाहिजे, आणि सुटलेली साखळी आधी त्या कडीवरच आदळता कामा नये. ओढ सुरू असताना साखळीच्या रेषेत माणूस उभा राहू देऊ नका, कितीही अनुभवी असला तरी.

आत्ताची स्थिती: पट्टी आणि बोल्ट पक्के, व्हीचे पाइप सरळ, बीमवर डाय स्वच्छ. झिजलंय ते हूकच्या प्लेटचं तोंड. स्लेजचा हूक त्या भोकाच्या मागच्या कडेलाच घासतो. तिथली कड चपटी होऊन बाहेर आली होती, ती फाइलने घासून गोल केली. लांबीला भोक ९५.२ मिमी होतं, व्हर्नियर आता ९६.६ दाखवतो. नवी प्लेट कापून आणली आहे, या वेळी अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या अंतरावर भोकं असलेली. पुढच्या ओढीआधी ती चढेल.