गावच्या सभागृहात दाखवण्याजोगे तीन ब्रिटिश युद्धपट

बचत गटासाठी एकच डीव्हीडी घ्यायची असेल, तर ‘अ टाउन लाइक अॅलिस’ (१९५६) घ्या. दुसऱ्या महायुद्धात मलायात (आजच्या मलेशियात) जपान्यांच्या हाती सापडलेल्या इंग्रज बायका-पोरांना एकही छावणी ठेवून घेत नाही. पहारेकरी त्यांना गावोगाव नुसते चालवत नेतात, आणि वाटेत एकेक जीव गळत जातो. व्हर्जिनिया मॅकेनाची जीन कुणाशी लढत नाही. पोर कडेवर घेते, खाण्याची सोय लावते, शेवटी एका खेड्याच्या मुखियाला आसरा मागते आणि बायका धानाच्या बांधीत कामाला उतरतात. रोवणीत कंबर मोडेस्तोवर वाकलेल्या भंडारा-गोंदियाच्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही. बाईचं रोजचं काम हीच इथली कथा आहे, म्हणून हा चित्रपट मला या तिघांत सर्वांत मोठा वाटतो. मूळ हकिकत मात्र सुमात्रातल्या डच बायकांची होती, हे आधी सांगून टाका.

‘कार्व्ह हर नेम विथ प्राइड’ (१९५८) मध्येही मॅकेनाच आहे, फ्रान्समध्ये उतरलेली गुप्तहेर व्हायोलेट झाबो. पाय दुखावल्यावर सोबत्याला पुढे पिटाळून ती एकटी स्टेन गन घेऊन जर्मनांना अडवते, तो प्रसंग जबरदस्त आहे. पण तिची सांकेतिक कविता (जिच्या शब्दांवरून गुप्त संदेश सांकेतिक भाषेत लिहीत) चित्रपटात नवऱ्याची भेट होऊन येते. प्रत्यक्षात ती संकेततज्ज्ञ लिओ मार्क्सने दुसऱ्याच मुलीसाठी लिहिली होती आणि कामासाठी व्हायोलेटला दिली होती. हत्याराचं प्रेमपत्र झालं. त्या दशकाची ही खोडच: बाईचं शौर्य मान्य, पण ते पत्नी किंवा आई म्हणूनच.

‘ओडेट’ (१९५०) हा फ्रान्समध्ये उतरलेल्या आणखी एका गुप्तहेर बाईचा, पण संथ आहे. अॅना नीगलसाठी बघावा.

तिघांतही कारखान्यातली बाई नाही. डिसेंबर १९४१ च्या कायद्याने २० ते ३० वयाच्या अविवाहित स्त्रियांना युद्धकामाची सक्ती झाली होती. १९४३ च्या ‘मिलियन्स लाइक अस’मध्ये त्या यंत्रावर उभ्या दिसतात, युद्ध संपल्यावर पडद्यावरून जवळजवळ पुसल्या जातात. ओडेट आणि व्हायोलेटसारखाच जॉर्ज क्रॉस हा ब्रिटिश शौर्यपुरस्कार मिळालेल्या गुप्तहेर नूर इनायत खानच्या वाट्याला त्या काळात असा चित्रपट आला नाही. टिपू सुलतानच्या वंशातल्या या मुलीबद्दल मध्यंतरात आवर्जून बोला.

आता खरेदीचं. ब्रिटनमधली डीव्हीडी बहुधा रीजन २ ची (रीजन म्हणजे डिस्क कोणत्या प्रदेशात चालेल त्याचा क्रमांक) असते आणि आपल्याकडचे प्लेअर रीजन ५ चे, त्यामुळे ‘डिस्क एरर’ येतो. सर्व रीजन चालवणारा प्लेअर आधी मिळवा. मराठी सबटायटल नाहीत, म्हणून दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबवून कथा सांगणारी एक व्यक्ती ठेवा. ‘ओडेट’ला प्रोजेक्टर ४:३ वर लावा, नाहीतर चेहरे आडवे पसरतात. कृष्णधवल चित्राला गच्च अंधार लागतो, तेव्हा टिनाच्या फटी पोत्यांनी बुजवा किंवा दिवेलागणीनंतरच सुरू करा. चित्रपट दोन तासांचे आहेत. भारनियमन असेल तर इन्व्हर्टर आधी पूर्ण चार्ज हवा.