क्रॅनबेरी आणि डी-मॅनोजच्या पुड्या : सहा महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षभरात मला चार वेळा उन्हाळी लागली, म्हणजे लघवीच्या मार्गाचा संसर्ग झाला, आणि चारही वेळा अँटिबायोटिक घ्यावे लागले, म्हणून दुसरा काही उपाय शोधत असताना औषधाच्या दुकानातून मी क्रॅनबेरीचा अर्क आणि डी-मॅनोज एकत्र असलेल्या पुड्या आणल्या. सकाळ-संध्याकाळ एक पुडी मोठ्या ग्लासभर पाण्यातून, अशा सहा महिने नियमाने घेतल्या. चव आंबटगोड आहे, पोटाला काही त्रास झाला नाही.

या संसर्गाला बहुतेक वेळा ई. कोलाय हा जिवाणू कारणीभूत असतो. डी-मॅनोज ही साखर त्याला मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू देत नाही, असे वेष्टनावर ठळकपणे छापले आहे. प्रयोगशाळेत तसे दिसलेही आहे. परंतु ब्रिटनमध्ये 598 स्त्रियांवर झालेल्या आणि 2024 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज 2 ग्रॅम डी-मॅनोज सहा महिने घेणाऱ्या आणि औषध नसलेली नुसती दिखाऊ पूड घेणाऱ्या स्त्रियांत लक्षणीय फरक आढळला नाही. क्रॅनबेरीची बाजू त्यापेक्षा भक्कम आहे. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2023 च्या आढाव्यानुसार वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये तिच्यामुळे धोका सुमारे पाव हिश्शाने कमी होतो. मात्र तिच्यातला उपयुक्त मानला जाणारा घटक प्रोअँथोसायनिडिन हा आहे, आणि तो किती मिलिग्रॅम आहे हे या पुडीवर कुठेच लिहिलेले नाही. पैसे मोजणाऱ्या स्त्रीला हे कळायलाच हवे, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे.

या सहा महिन्यांत मला एकदाच त्रास झाला, पण त्याचे श्रेय पुडीला द्यायला मन धजत नाही, कारण तिच्या निमित्ताने माझे पाणी पिणे खूप वाढले. कमी पाणी पिणाऱ्या 140 स्त्रियांना घेऊन केलेल्या 2018 च्या चाचणीत रोज दीड लिटर जादा पाणी पिणाऱ्यांना वर्षात सरासरी 1.7 वेळा, तर इतरांना 3.2 वेळा संसर्ग झाला होता. सासूबाईंच्या धने-जिऱ्याच्या पाण्यानेही मला बरे वाटते, आणि त्यातही पोटात जाते ते पाणीच.

त्या एका वेळी थंडी वाजून ताप आला आणि पाठीत दुखू लागले, तेव्हा पुडी बाजूला ठेवून मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले, युरिन कल्चर (लघवीतील जिवाणूंची तपासणी) केले आणि अँटिबायोटिक घेतले. रजोनिवृत्तीनंतर योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे क्रीम किंवा लघवीत जिवाणू वाढू न देणाऱ्या मेथेनामाइनच्या गोळ्या हे अधिक अभ्यासलेले पर्याय आहेत, हे मला तिथेच समजले. या पुड्या मी पुन्हा घेणार नाही. प्रोअँथोसायनिडिनचे प्रमाण छापलेली साधी क्रॅनबेरीची कॅप्सूल मिळाली, तर डॉक्टरांना विचारून तेवढी घेईन.